ऑर्किडची कुंडी बदलताना: मुळं ओळखण्यापासून पहिल्या खतापर्यंत

झाडाला जागा अपुरी पडली की कुंडी बदलायची, हा नियम गुलाबाला किंवा जास्वंदीला लागू पडतो. ऑर्किडच्या बाबतीत जागेचा प्रश्न नंतरचा, आधी प्रश्न हवेचा. घरात दिसणारी बहुतेक ऑर्किड्स, म्हणजे फॅलेनॉप्सिस, डेंड्रोबियम, कॅटलिया, ऑन्सिडियम, व्हॅन्डा, ही जंगलात झाडांच्या खोडांना आणि फांद्यांना धरून वाढणारी. पाऊस आला की मूळ भिजतं, थांबला की वाऱ्यावर सुकतं. कुंडीत साल, कोळसा, सोडणाचे तुकडे भरायचे ते या उघड्यावरच्या जगण्याची नक्कल म्हणून. पण साल कुजते. दीड-दोन वर्षांत तिचा चुरा व्हायला लागतो, चुरा खाली बसून फटी बुजवतो आणि मुळांभोवती हवेऐवजी चिखल उरतो. मूळ आधी गुदमरतं, मग कुजतं. ‘पाणी जास्त झालं’ असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा पाणी नेहमीएवढंच असतं, माध्यम, म्हणजे कुंडीतलं हे भरण, जुनं झालेलं असतं.

वेळ कशी ओळखायची

वरून पाहून कळत नाही, कारण वरची साल वाऱ्याने सुकत राहते आणि धडधाकट दिसते. बोट घालून तीन-चार सेंटिमीटर खालचा एक तुकडा काढा आणि चिमटीत दाबा. कडा शाबूत असतील, तुकडा दबत नसेल, तर माध्यम अजून चालेल. ओल्या पुठ्ठ्यासारखा दबला, बोटाला काळपट चोथा लागला किंवा कुबट वास आला, तर थांबू नका. कुंडीच्या काठावर पांढरा थर साचला असेल तर ते खतातले आणि पाण्यातले क्षार. त्यांनीही मुळांची टोकं जळतात. कुंडीबाहेर लोंबणारी मुळं मात्र कुंडी बदलण्याचं कारण नव्हे. फॅलेनॉप्सिसचा तो स्वभावच आहे.

सगळ्यात फसवी खूण म्हणजे मऊ पडलेली, सुरकुतलेली पानं. ती पाहून हात आपोआप पाण्याच्या झारीकडे जातो. पान तहानलेलं असतं हे खरं, पण पाणी वर नेणारी मुळंच मेलेली असतात, आणि वाढवलेलं पाणी उरलीसुरली मुळंही संपवतं. पानं मऊ आणि माध्यम ओलं, ही जोडी दिसली की झाड त्याच दिवशी कुंडीतून बाहेर काढावं, फुलांवर असलं तरी. फुलदांडा कापून फुलदाणीत ठेवा. फुलं वाया जात नाहीत आणि झाडावरचा भार उतरतो.

आणीबाणी नसेल तर वेळ झाडाकडे पाहून ठरवायची. फॅलेनॉप्सिस एकाच खोडावर वर-वर वाढतं. त्याची फुलं ओसरली आणि नवं पान किंवा हिरव्या टोकाचं नवं मूळ दिसलं की कामाला लागावं. थोडं पुढे-मागे झालं तरी ते सांभाळून घेतं. कॅटलिया, ऑन्सिडियम आणि डेंड्रोबियम आडवी सरकत वाढतात. पुढे नवा फुटवा येतो, त्याचा फुगीर बल्ब होतो आणि त्या बल्बच्या बुडाशी मुळांचा एक झुबका फुटतो. जुन्या बल्बना सहसा पुन्हा नवी मुळं येत नाहीत. म्हणून इथे वेळ चुकली तर महागात पडतं. नव्या फुटव्याच्या बुडाशी मुळांचे हिरवे कोंब जेमतेम एक सेंटिमीटर बाहेर आले की त्याच आठवड्यात काम उरकावं. बोटभर लांब झाल्यावर हात घातलात तर ती मुळं हमखास मोडतात, आणि पुढचा फुटवा येईपर्यंत झाड कसंबसं तग धरतं. काही कॅटलियांना मुळं फुटव्यासोबत येतात, काहींना फुलून झाल्यावर. आपलं झाड कोणत्या जातीचं वागतं, हे एक हंगाम लक्ष ठेवलं की समजतं.

माध्यम

मध्यम आकाराच्या फॅलेनॉप्सिससाठी भरवशाचं मिश्रण असं: १० ते १५ मिलिमीटरची पाइनची साल चार भाग, साधारण त्याच आकाराचे लाकडी कोळशाचे तुकडे एक भाग, जाड परलाइट (ज्वालामुखी खडक तापवून फुगवलेले पांढरे, हलके कण) एक भाग. लहान रोपांना आणि बारीक मुळांच्या ऑन्सिडियमला ५ ते ८ मिलिमीटरची साल, कॅटलियाच्या जाड मुळांना १५ ते २० मिलिमीटरची. घरातली हवा फार कोरडी असेल तर यात एक भाग कापलेलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळ) मिसळा. उलट पाणी घालताना तुमचा हात सैल असेल तर मॉसच्या वाटेला जाऊ नका. कोळसा लाकडाचाच हवा. भुकटी दाबून केलेल्या ठोकळ्यांत चिकटवण्यासाठी काय काय घातलेलं असतं, ते मुळांशी नको.

नवी कोरडी साल पाणी झिडकारते. वरून ओतलेलं पाणी सरळ तळातून निघून जातं आणि झाड कोरडंच राहतं. म्हणून साल २४ तास भिजत घाला. सुरुवातीला तरंगणारे बरेच तुकडे दुसऱ्या दिवशी खाली बसलेले दिसतील. तळाचा भुगा फेकून द्या, साल चाळणीवर निथळू द्या. नारळाच्या सोडणाचे तुकडे वापरायचे तर त्यांतलं मीठ आधी काढावं लागतं. रात्रभर भिजवायचं, पाणी फेकायचं, असं निदान तीनदा. कोकोपीट आणि माती दोन्ही टाळा, कारण ती मुळांना घट्ट लपेटून बसतात.

कुंडीच्या तळाला खडी किंवा विटांचे तुकडे घालण्याची सवयही इथे उपयोगाची नाही. पाणी वरच्या माध्यमातून खडीत सहज उतरत नाही, तिच्या वरच्या सीमेवर अडतं, आणि तळाशी राहणारी ओल मुळांच्या आणखी जवळ येते. निचरा हवा तर भोकं वाढवा. प्लास्टिकच्या कुंडीला तापवलेल्या खिळ्याने तळाशी सात-आठ आणि बाजूंना, खालच्या एक तृतीयांश उंचीपर्यंत, तेवढीच भोकं पाडली की काम होतं.

हत्यारं

धारदार कात्री किंवा सिकेटर, लांब चिमटा, बोथट टोकाची लाकडी काडी, बादलीभर पाणी, जुनी वर्तमानपत्रं. एवढ्यावर भागतं. कात्रीबद्दल मात्र आळस नको. सिंबिडियम मोझॅक आणि ओडोन्टोग्लॉसम रिंगस्पॉट हे ऑर्किडचे दोन विषाणू सगळ्यात जास्त पसरतात ते कापण्याच्या हत्यारावरून, रसामार्फत, आणि लागण झालेल्या झाडाला इलाज नाही. स्पिरिटने पुसल्याने बुरशी आणि जिवाणू आटोक्यात येतात, विषाणूंची खात्री देता येत नाही. पातं ज्योतीवर नीट तापवा आणि गार होऊ द्या, नाहीतर दर झाडाला नवं ब्लेड घ्या. तापवताना स्पिरिटची बाटली जवळपास नको. एका झाडाचं काम झालं की खालचा कागदही बदला.

झाड बाहेर काढणं

आधी कुंडी १५-२० मिनिटं पाण्यात बुडवून ठेवा. कोरडं मूळ काडीसारखं कडक असतं आणि वाकवलं की तुटतं. भिजलं की हिरवट होतं, लवतं. प्लास्टिकची कुंडी बाजूंनी दाबून सैल करा, मग तिरकी धरून झाड बुंध्याशी पकडून सरकवा. पानांना धरून ओढू नका. येत नसेल तर कुंडी कापा. मातीच्या कुंडीला मुळं आतून चिकटलेली असतात. पातळ सुरी कडेने फिरवूनही सुटत नसतील तर कुंडी हलकेच फोडा आणि मुळाला घट्ट चिकटलेलं खापर तसंच नव्या कुंडीत जाऊ द्या. ते सोडवण्याच्या नादात मूळच सोलून निघतं.

आता जुनं माध्यम. वरवरचं बोटांनी झाडून टाका, मधलं काडीने सैल करा, मग नळाच्या हलक्या धारेखाली धरा. एखादा सालीचा तुकडा जिवंत मुळाला धरून बसला असेल तर तो राहू द्या. पण विकत आणलेलं फॅलेनॉप्सिस असेल तर मुळांच्या अगदी मध्यभागी, बुंध्याखाली, मॉसचा किंवा पीटचा एक घट्ट गोळा असतो, कधीकधी जाळीच्या पिशवीत. रोप लहान असताना त्यात लावलेलं असतं. बाहेरची साल कोरडी झाली तरी हा गोळा आठवडाभर ओला राहतो आणि कूज बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. जाळी कापा, चिमट्याने गोळा थोडा-थोडा उपसा. अर्धा तास लागला तरी चालेल.

मुळं ओळखणं

या कामात खरं कौशल्य इथे लागतं. ऑर्किडच्या मुळावर व्हेलामेन नावाचं जाड, स्पंजासारखं आवरण असतं, मेलेल्या पेशींचं. कोरडं असताना त्यात हवा भरलेली असते म्हणून मूळ रुपेरी-पांढरं दिसतं. भिजलं की आवरण पारदर्शक होतं आणि आतला हिरवा रंग दिसतो. आत मधोमध सुतळीसारखा एक चिवट धागा असतो.

एक-एक मूळ अंगठा आणि तर्जनीत धरून वरपासून खालपर्यंत हलकं दाबत जा. जिवंत मूळ टणक लागतं. मेलेलं मूळ दोन प्रकारचं असतं: एक पोकळ, दाबलं की चपटं होणारं, आणि दुसरं बुळबुळीत, ज्यातून तपकिरी पाणी निघतं. ओढलं की त्याचं आवरण मोज्यासारखं सरकून हातात येतं आणि मागे नुसता धागा उरतो. रंगावर जाऊ नका. माध्यमात खोल वाढलेली मुळं उजेड न मिळाल्याने पिवळट असतात, जुन्या सालीने तपकिरी डागाळतात, आणि तरीही टणक असतात. ती निरोगी आहेत. पॅफिओपेडिलम या चपलेच्या आकाराच्या फुलाच्या ऑर्किडची मुळं तर मुळातच तपकिरी आणि लवदार. ती ‘कुजली’ म्हणून छाटली तर झाड हातचं गेलं. एखादं मूळ मध्येच पिचलेलं पण पुढे टणक असेल तर राहू द्या, आतला धागा शाबूत असेल तर ते पाणी नेतं.

मेलेला भाग निरोगी भागाच्या सीमेवर कापा. झाडाला पकड देण्यापुरती दोन-चार वाळलेली, पण कुजकी नसलेली मुळं ठेवली तर चालतात. जुन्या फॅलेनॉप्सिसच्या बुंध्याच्या तळाशी मुळं नसलेला, काळपट पडलेला खुंट असतो. तोही कापावा, आतला छेद पांढरट-हिरवा दिसेपर्यंत. छेदाच्या मधोमध तपकिरी वलय दिसलं तर पातं पुन्हा तापवून आणखी थोडं वर जा. बल्बवरची वाळकी पातळ आवरणं सोलून काढा. खवले कीड आणि पिठ्या ढेकूण यांना लपायला त्याहून बरी जागा नाही. मुळांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूणच. मुळं धुऊन काढा आणि ते झाड इतरांपासून वेगळं ठेवा.

कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावायचा उपाय सर्वत्र सांगितला जातो. बुरशीला ती आवर घालते, पण ती शोषकही आहे. जिवंत मुळांवर सांडली तर त्यांनाही सुकवते. म्हणून फक्त बुंध्याच्या किंवा बल्बच्या मोठ्या छेदावर, बोटाच्या टोकाने. हायड्रोजन पेरॉक्साइड ओतू नका. त्याचा फेस पाहून समाधान वाटतं, पण तो जिवंत पेशींवरही येतो आणि त्यांना इजा करतो. छाटणी बरीच झाली असेल तर झाड सावलीत, हवेशीर जागी काही तास तसंच ठेवा. जखमा कोरड्या होऊ देणं हा सगळ्यात साधा आणि खात्रीचा उपचार.

माप आणि लावणी

कुंडीचं माप आता ठरवायचं, छाटणीनंतर. फॅलेनॉप्सिसची मुळं हलकेच गोळा करा. त्या जुडग्याभोवती दोन-अडीच सेंटिमीटर मोकळं राहील एवढी कुंडी पुरे. मुळं बरीच गेली असतील तर आधीच्यापेक्षा लहान कुंडी लागेल, आणि तीच योग्य. मोठ्या कुंडीत मुळं पोहोचत नाहीत तिथलं माध्यम वाळायला दिवसच्या दिवस लागतात. आडव्या वाढणाऱ्यांसाठी शेवटच्या दोन बल्बमधलं अंतर मोजा आणि त्याच्या दुप्पट जागा पुढच्या बाजूला सोडा, म्हणजे दोन वर्षांची सोय झाली.

फॅलेनॉप्सिस कुंडीच्या मध्यावर धरा. सगळ्यात खालच्या पानाचा तळ माध्यमाच्या पातळीशी यायला हवा, आत गाडला जाता कामा नये. मुळं गोल फिरवत कुंडीत उतरवा. जी हवेतली मुळं वाकत नाहीत ती बाहेरच राहू द्या. मग साल मुठी-मुठीने घाला आणि दर मुठीनंतर कुंडीला बाजूने चापट्या मारा, म्हणजे तुकडे आपोआप फटींत बसतात. काडीने हळूच सारत राहा, अंगठ्याने ठासू नका.

कॅटलिया आणि ऑन्सिडियम मध्यावर लावायचे नाहीत. सगळ्यात जुना बल्ब कुंडीच्या काठाला टेकवा आणि नव्या फुटव्याचं तोंड मोकळ्या बाजूला करा. बल्ब जोडणारं आडवं खोड माध्यमावर टेकलेलं, निम्मं उघडं दिसलं पाहिजे. ते गाडलं की नवे डोळे, म्हणजे फुटव्यांचे कोंब, कुजतात. झाड मोठं असेल आणि विभागायचं असेल तर प्रत्येक भागाला निदान तीन-चार बल्ब आणि एक जिवंत डोळा किंवा फुटवा हवा. एकेका बल्बची रोपं करण्याचा मोह आवरा, त्यांना पुन्हा फुलायला वर्षं लागतात.

शेवटची परीक्षा: झाडाला धरून कुंडी हलकी हलवून पाहा. झाड डुलत असेल तर काम अपुरं आहे. नव्या मुळाचं टोक अतिशय नाजूक असतं. झाड हललं की ते सालीच्या कडेवर घासतं आणि तिथेच थांबतं. काठीला सुतळीने बांधा, आडव्या खोडाला तारेची क्लिप लावा, काहीही करा, पण हालचाल बंद करा. कुंडीवर तारीख आणि मिश्रण लिहून चिकटवा, दोन वर्षांनी आठवणीवर विसंबावं लागणार नाही.

काही जातींचे लाड

डेंड्रोबियमला अडचणीतली, लहान कुंडी आवडते. उंच काठ्यांमुळे ती कलंडते, म्हणून छोटी कुंडी दुसऱ्या जड कुंडीत ठेवा. पानं गळालेल्या पण टणक काठ्या कापू नका, त्यात साठवण असते आणि काही जातींत फुलंही तिथेच येतात. काठीवर किंवा फुलदांड्यावर फुटलेलं पिल्लू, ज्याला केकी म्हणतात, त्याची दोन-तीन मुळं ५ ते ७ सेंटिमीटर झाली की वेगळं करावं. पॅफिओपेडिलमचं माध्यम बारीक असतं आणि लवकर बसतं, ते दरवर्षी बदला. व्हॅन्डाला मुळं छेडलेली खपत नाहीत: टोपली लहान पडली तर आहे त्या टोपलीसकट मोठ्या टोपलीत बसवून टाका.

मुळं उरलीच नसतील तर

एखाद-दुसरं मूळ किंवा तेही नाही, अशा फॅलेनॉप्सिसला सालीत लावून उपयोग नाही. स्फॅग्नम मॉस भिजवून मुठीत घट्ट पिळा, थेंबही पडेनासा होईपर्यंत. पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात त्याचा पातळ थर द्या, बुंधा त्याच्या थोडा वर टेकवा, बुडवू नका. झाकण किंचित उघडं ठेवून डबा उजेडात पण उन्हाबाहेर ठेवा. आत दमटपणा राहिला की पानांतून पाणी उडायचं थांबतं आणि झाड साठ्यावर जगतं. पानांच्या बेचक्यात पाणी साचू देऊ नका, बुरशी दिसली तर मॉस बदला. नवं मूळ यायला एक-दोन महिने किंवा जास्तही लागतात. ते चार-पाच सेंटिमीटर झालं की छोट्या कुंडीत हलवा.

नंतरचे चार आठवडे

भिजवलेली साल ओलसर असतेच. छाटणी किरकोळ असेल तर पहिलं पाणी एक-दोन दिवसांनी, बरीच मुळं कापली असतील तर चार-पाच दिवसांनी. त्यानंतर मात्र ‘झाड नाजूक आहे’ म्हणून थेंब-थेंब घालू नका. पाणी द्यायचं ते भोकांतून वाहेपर्यंत, आणि पूर्ण निथळू द्यायचं. नवं माध्यम जुन्यापेक्षा खूप लवकर वाळतं, त्यामुळे आधीचं वेळापत्रक विसरा. कुंडी पारदर्शक असेल तर सोपं आहे: आतल्या भिंतीवर बाष्पाचे थेंब आणि हिरवी मुळं दिसली तर थांबा, भिंत कोरडी आणि मुळं रुपेरी झाली की पाणी. पारदर्शक नसेल तर भिजलेल्या आणि सुकलेल्या कुंडीचं वजन हाताला कळू द्या.

दोन-तीन आठवडे थेट ऊन नको. या काळात खालचं एखादं पान पिवळं पडून गळतं, ते चालतं. वरची पानं पिवळी पडू लागली किंवा बुंधा काळवंडला तर पुन्हा उघडून पाहावं लागेल. उगाच रोज उपटून ‘मूळ आलं का’ हे मात्र पाहू नका. खत पहिले चार आठवडे बंद. उघड्या जखमांना क्षार झोंबतात आणि शोषायला टोकंच नसतात. एखाद्या मुळाला चकचकीत हिरवं किंवा लालसर टोक फुटलेलं दिसलं की पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या पाव हिश्शाने सुरुवात करा, तेही आधी साध्या पाण्याने माध्यम ओलं करून.